बिजलीची तीन अंडी

"मॅडम, बिजलीने अंडं घातलं," स्नेहल फोनवर म्हणाली.

मी एका लॅब्राडोरचा कान साफ करत होते. फोन स्पीकरवर होता.

"छान. अभिनंदन."

"तीन घातली."

"किती दिवसांत?"

"आज. सकाळपासून."

मी कान सोडला. लॅब्राडोरला बरं वाटलं.

कोंबडी दिवसाला जास्तीत जास्त एक अंडं घालते. एक अंडं पोटात तयार व्हायला साधारण एक पूर्ण दिवस जातो आणि त्यातला बराचसा वेळ कवच चढवण्यातच जातो. मधूनच ती सुट्टी घेते. ओव्हरटाइम कधीच करत नाही. आणि ही बिजली तर अजून तलंग होती. तलंग म्हणजे वयात आलेली, पण अंड्यावर न आलेली कोंबडी.

"तिन्ही सारखी दिसतायत का?" मी विचारलं.

"तशी सारखीच आहेत." फोनवर हुंगल्याचा आवाज आला. "एकाला कांद्याचा वास येतोय."

"स्नेहल, पिंजऱ्यात दुसरी कोंबडी गेली होती का?"

"नाही. कडी लावलेली होती. मॅडम, तुम्ही येऊन जाता का? आणि प्लीज, मी फोन केला हे आईंना सांगू नका. सहज आलात असं सांगा."

माझ्या जेसल पार्कच्या क्लिनिकमधून तिच्या डोंगरीला कोणी सहज जात नाही. पूल ओलांडून पश्चिमेला जायचं, मग उत्तनच्या रस्त्याला लागायचं, आणि पावसाळ्यात त्या रस्त्यावर स्कूटर चालवणं हा एक वेगळा व्यायाम असतो. पण कांद्याच्या वासाचं अंडं मी नोकरीत कधी बघितलं नव्हतं. मी दुपारची एक नसबंदी पुढे ढकलली आणि निघाले.

आता ही बिजली माझ्याकडे कशी आली ते सांगते.

माझं क्लिनिक कुत्र्या-मांजरांचं आहे. शिकताना कोंबड्यांचं सगळं शिकले, सुरुवातीला काही वर्षं पोल्ट्री फार्मवर नोकरीही केली, पण भाईंदरच्या फ्लॅटमध्ये कोंबड्या कोण पाळतो? तेव्हा एक दिवस वेटिंगमध्ये लॅपटॉपच्या बॅगेतून कोंबडीचं डोकं बाहेर आलं, तर बाकावरचे सगळे उठून उभे राहिले. एक पर्शियन मांजरवाल्या बाई बसून राहिल्या.

"ये तो मुर्गी है," त्या म्हणाल्या.

"हां. मेरी है," बॅगवाली मुलगी म्हणाली.

"खाने की?"

"नहीं. बीमार है."

बाईंनी आपल्या मांजरीचं तोंड भिंतीकडे फिरवलं.

ती मुलगी म्हणजे स्नेहल म्हात्रे. वाढली भाईंदर ईस्टला, चौथ्या मजल्यावर. लग्न होऊन डोंगरीला गेली. सासरचं घर जुनं, एकेकाळी भातशेती आणि मिठागरं असलेलं. आता मागे अंगण, विहीर आणि कोंबड्यांचं खुराडं एवढं उरलंय. नवरा मर्चंट नेव्हीत, तेव्हा जहाजावर होता. घरात सासू, सासरे आणि ही. स्नेहल एका इन्शुरन्स कंपनीत आहे, घरूनच काम करते. खोटे क्लेम शोधून काढणं हे तिचं काम.

तिच्या मीटिंग चालू असताना एक तलंग खिडकीत येऊन बसायची. बाकीच्या कोंबड्या तिला दाण्याला टिकू द्यायच्या नाहीत, म्हणून ती इकडे यायची. चालायची अगदी सावकाश, म्हणून स्नेहलने तिचं नाव बिजली ठेवलं. पुढे पुढे ऑफिसमधले लोक मीटिंग सुरू करण्याआधी बिजली आली का विचारायला लागले. आणि एक दिवस ती खिडकीपर्यंत उडेना.

मी तिला टेबलावर घेतलं. तुरा फिका, जवळजवळ राखाडी. पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेली. छातीवर हात फिरवला तर मधलं हाड सुरीच्या धारेसारखं लागलं. धडधाकट कोंबडीचं ते हाड दोन्ही बाजूंच्या मांसात बुडलेलं असतं. मी तिच्या विष्ठेचा नमुना मायक्रोस्कोपखाली पाहिला.

"अंडी दिसतायत," मी म्हटलं. "भरपूर."

स्नेहलचा चेहरा उजळला. "खरंच? मग घालेल ना?"

"जंतांची अंडी. तिच्या पोटातले जंत घालतायत."

चेहरा परत पडला. मी तिला समजावून सांगितलं. जंत खातात ते तिच्या वाट्याचं. उरलेलं तिला पुरत नाही, म्हणून ती अशक्त. अशक्त म्हणून बाकीच्या टोचतात. टोचतात म्हणून ती दाण्यापर्यंत पोचत नाही. कोंबड्यांच्यात कोण आधी खाणार आणि कोणी कोणाला टोचायचं याचा क्रम ठरलेला असतो, आणि आजारी कोंबडी त्याच्या तळाला जाते. औषध दिलं आणि परत त्याच खुराड्यात सोडली तर पैसे आणि औषध दोन्ही पाण्यात.

"काय खायला घालता?"

"आई भात आणि कोलंबीची सालं घालतात. मी ऑनलाइन लेयर मॅश मागवलंय. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं खाद्य. म्हटलं लवकर अंड्यावर येईल."

"ते आधी बंद करा. त्यात कॅल्शियम खूप असतं. अंडं चालू नसताना ते कवचाला लागत नाही, किडनीवर बसतं. लहान मुलाला वकिलाचा कोट घातला म्हणून ते लवकर वकील होत नाही."

"पण लवकर व्हायला पाहिजे, मॅडम," ती म्हणाली. "गटारी जवळ आली आहे."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती झाली. ते कोडं मला डोंगरीला, तिच्या सासूबाईंनी उलगडून सांगितलं.

खुराडं बघायला म्हणून मी त्या रविवारी गेले. वत्सलाबाई म्हात्रे अंगणात पाटावर बसून बोंबील साफ करत होत्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी, आवाज असा की पलीकडच्या आळीतली कुत्रीही उठून बसावीत. त्यांचे यजमान हिराजीकाका व्हरांड्यात पेपर वाचत होते. एका गोडाऊनमधून रिटायर झालेले. बायको बोलत असताना पेपर वर, ती थांबली की खाली.

"मावशी, बिजली कशी आहे?" मी विचारलं.

"तिचं नाव घेऊ नका," वत्सलाबाई म्हणाल्या. "कोंबरीला नाव ठेवलं का कापता येत न्हाय. म्या सुनेला बोल्ले व्हते."

"कापायचीय का?"

"गटारीला लेकीच्या सासरची येणार हायत. गेल्या येळी आलेली तवा त्यांनी हिला बघितलं. म्हनाली, ही काय कोंबरी हाय का कबुतर? मी बोल्ले, गटारीपर्यंत अंडं दिलं तर ठेवीन, न्हाय तर हिचाच रस्सा वाढीन तुमाला. आता बोल्ले ते बोल्ले."

पेपर थोडा खाली आला आणि परत वर गेला.

श्रावण लागण्याआधीची अमावास्या म्हणजे गटारी. महिनाभर मांसाहार बंद होणार म्हणून त्याआधी जे काय ते उरकून घ्यायचं. डोंगरी-उत्तन भागात तो दिवस फार मनावर घेतला जातो. त्या दिवशी व्याह्यांना बोलावून, त्यांच्याच तोंडावर दिलेला शब्द फिरवणं वत्सलाबाईंच्याने होणारं नव्हतं. कोंबडीवर राग होता असं नाही. शब्द गेला होता.

"मावशी, देशी कोंबडी आहे. आजारातून उठतीय. अंड्यावर यायला वेळ लागेल."

"लागू द्या की. गटारीपर्यंत येळ हाय."

मी वाद घातला नाही. पिंजरा पडवीत वेगळा मांडायला सांगितला, खाद्य बदललं, खुराड्याच्या फटी चुन्याने बुजवायला सांगितल्या. जंताचं औषध एकदा आणि टॉनिक रोज, असं दोन्ही सिरिंजने तोंडात द्यायचं होतं. ते मी स्नेहलला शिकवायला घेतलं. कोंबडी काखेत धरायची, चोच एका बाजूने किंचित उघडायची, थेंब थेंब सोडायचं. घाई केली तर औषध श्वासनळीत जातं. स्नेहलने सिरिंज इतक्या जोरात दाबली की औषध माझ्या चष्म्यावर उडालं.

"आण हिकडं," वत्सलाबाई म्हणाल्या. बोंबलाचे हात पुसले, कोंबडी काखेत मारली आणि सिरिंज धरली. "लेकरांना पाजलंय म्या. ही काय मोठी लागून गेली?"

त्या दिवसापासून डोस त्याच द्यायच्या. स्नेहल मला रोज व्हॉट्सॲपवर विष्ठेचे फोटो पाठवायची, हे मीच मागितलं होतं, पण ती नेमकी माझ्या जेवणाच्या वेळेला पाठवायची हे मागितलं नव्हतं. हळूहळू फोटो बरे दिसायला लागले. तुऱ्यावर गुलाबी छटा आली. छातीचं हाड झाकलं जाऊ लागलं. पण अंड्याचं काही चिन्ह नव्हतं. आणि गटारीला चारच दिवस उरले असताना तीन अंड्यांचा फोन आला.

मी पोचले तेव्हा घरातलं वातावरण परीक्षेच्या निकालासारखं होतं. तिघंही पडवीत. मध्ये पिंजरा. पिंजऱ्यात बिजली, एकदम बेफिकीर. पिंजऱ्यासमोर स्टीलच्या ताटलीत तीन अंडी.

"अवो, तुमी कशा काय आलात?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"सहज."

स्नेहलने माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं. हिराजीकाकांनी संशयाने बघितलं.

"बरं झालं आलात," वत्सलाबाई म्हणाल्या, पण त्यांच्या आवाजाची नेहमीची पट्टी लागली नव्हती. "ही बगा. तीन दिली."

"चांगलं लक्षण आहे ना, डॉक्टर?" काकांनी विचारलं.

"बघते."

मी आधी पेशंट घेतला. कोंबडी अंड्यावर आली आहे की नाही हे ओळखायची एक सोपी खूण आहे. शेपटीखाली दोन बारीक हाडं असतात. अंडं त्यांच्या मधून बाहेर येतं. अंड्यावर आलेल्या कोंबडीच्या त्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटं सहज बसतात. बिजलीच्या हाडांमध्ये माझं एक बोटही कष्टाने बसलं. तिने अंडं घातलेलं नव्हतं. एकही नाही.

मग मी अंडी घेतली.

पहिलं तपकिरी, गुळगुळीत, मोठं. नाकाजवळ नेलं तर नेलपॉलिश काढायच्या औषधाचा वास आला. उजेडात तिरकं धरलं तर कवचावर पुसलेल्या शाईचा निळसर डाग दिसला. हल्ली ब्रँडेड अंड्यांवर शिक्का मारलेला असतो. कोणीतरी तो मन लावून पुसला होता. मी स्नेहलच्या बोटांकडे बघितलं. दहाही नखांचा रंग गेलेला.

दुसरं पांढरं. कांद्याचा वास होताच, शिवाय थोडा मसाल्याचा. मी ते ताटलीत ठेवून भोवऱ्यासारखं फिरवलं. कच्चं अंडं डगमगतं, आत पातळ असतं म्हणून. हे सरळ, ताठ, सुंदर गरगरलं.

हे उकडलेलं होतं.

हिराजीकाकांनी खोकला काढला.

तिसरं अंडं खरं गावठी. लहानसर, गव्हाळ रंगाचं, जरा माती लागलेलं. निमुळत्या टोकाला एक बारीक सुरकुती होती. मी म्हटलं, "मावशी, पाणी मिळेल का?" आणि त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. टोपलीत अंडी होती, त्यांच्या जुन्या तांबड्या कोंबडीची. प्रत्येकाच्या निमुळत्या टोकाला तशीच सुरकुती. काही कोंबड्यांच्या अंड्यावर अशी एक खोड असते आणि ती प्रत्येक अंड्यावर उमटते, माणसाच्या सहीसारखी. तांबडीची सही मी ओळखली. वत्सलाबाईंनी मला टोपलीकडे बघताना बघितलं. पाण्याचा तांब्या माझ्या हातात देताना त्यांनी माझ्या डोळ्यांना डोळा दिला नाही.

मला हसू आवरत नव्हतं म्हणून मी सावकाश पाणी प्यायले.

तिघांनी, एकमेकांना न सांगता, एकाच सकाळी, एकेक अंडं ठेवलं होतं. प्रत्येकाला आपलं एक अंडं माहीत होतं. दुसरं कदाचित बिजलीने खरंच घातलं असेल असं म्हणता आलं असतं. पण तिसऱ्याचा हिशेब कोणालाच लागत नव्हता, आणि विचारायचं कोणाला? विचारलं तर स्वतःचं उघडं पडणार.

बाहेर आले तर काका मला जास्वंदीपाशी घेऊन गेले. त्यांना मला कळी दाखवायची होती म्हणे.

"डॉक्टर," ते हळू आवाजात म्हणाले, "ते फिरलं ना, ते आपलं."

"उकडलेलं का ठेवलंत, काका?"

"उकडलेलंच हातात होतं. संध्याकाळी फिरायला जातो ना मी. नाक्यावर गाडी आहे अंड्याची." त्यांनी मागे वळून बघितलं. "माझ्या डॉक्टरने पिवळं बंद केलंय. हिला वाटतं मी फिरायला जातो. काल दोन सांगितली, एकच खाल्लं, एक रुमालात बांधून आणलं. सुनेचा जीव आहे त्या कोंबडीवर. पोरगा जहाजावर, घरात तिला बोलायला कोण आहे? आम्ही दोघं काय बोलणार तिच्याशी?"

मी काही बोलले नाही.

"हिला सांगू नका."

"कोंबडीचं की गाडीचं?"

"गाडीचं," ते म्हणाले. "कोंबडीचं मी सहन करीन."

स्नेहल मला तिच्या खोलीत घेऊन गेली, औषधाचं वेळापत्रक विचारायच्या निमित्ताने. लॅपटॉपवर कोणाचा तरी क्लेम उघडा होता.

"मॅडम, त्यातलं एक मी ठेवलं."

"कळलं. एवढे खोटे क्लेम पकडतेस आणि शिक्का पुसायला नेलपॉलिश रिमूव्हर?"

"घाईत होते. पण मॅडम, मग बाकीची दोन?"

"तपास चालू आहे."

"एक तिने खरंच घातलं असेल ना?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण पेशंटबद्दल मी खोटं बोलत नाही. फक्त नातेवाइकांबद्दल गप्प राहते.

"नाही, स्नेहल. अजून नाही."

तिने मान खाली घातली. "मग गटारीला ती जाणार. माझ्यामुळे ती खिडकीत यायला लागली, सगळ्यांच्या नजरेत आली. नाहीतर त्या पाहुण्यांना दिसलीच नसती." तिचे डोळे भरले. आता मला हसू येत नव्हतं. इतका वेळ मी त्याला गंमत समजत होते. तिच्यासाठी ती गंमत नव्हती.

मी पडवीत परत आले. काका पेपर घेऊन बसलेले. वत्सलाबाई पिंजऱ्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या आणि बिजली जाळीतून त्यांच्या बांगड्यांना चोच मारत होती. मला बघून त्या उठल्या. अंगणाच्या टोकाला माझी स्कूटर होती. सुक्या जवळ्याची पिशवी देते म्हणून त्या माझ्याबरोबर तिथपर्यंत आल्या.

"डॉक्टरीणबाई, तुमी टोपली बगितली."

"बघितली, मावशी."

"आता काय बोलू?" त्यांनी पदराने हात पुसले, हात कोरडेच होते. "रोज काखेत घेऊन औषद पाजलं तिला. आधी चोच मारायची. आता माझा आवाज आयकला का स्वतःच मान वर करते. अशीच्या मानेवर सुरी कशी चालवू? पन मी सगळ्यांम्होरं बोल्ले. मग म्हटलं, एक अंडं तेवढं ठेवावं, म्हनजे माझा शबुद बी राहील आन् तीबी. तर ही दोगं पन निगाली शानी."

"तुम्हाला कळलं त्यांनी ठेवलंय ते?"

"मना? पन्नास वर्सं कोंबऱ्या पाळल्यात म्या. सुनेच्या नखांचा रंग गेला कुठं? आन् यांच्या रुमालाला रोज सांजच्याला कांद्याचा वास येतो. मी धुते रुमाल."

"मग बोलला नाहीत?"

"बोल्ले तर यांचं फिरनं बंद होईल. तेवढंच पाय मोकळे करतात."

तेव्हा मला सुचलं. खरं तर ते सुचायची गरजच नव्हती, औषधाच्या पाकिटावरच लिहिलेलं असतं. जंताचं औषध एकदा देऊन भागत नाही. पोटातले मोठे जंत मरतात, पण बारीक राहून जातात, म्हणून काही दिवसांनी दुसरा डोस द्यायचा असतो. बिजलीचा दुसरा डोस याच आठवड्यात होता. आणि औषध दिल्यावर काही दिवस त्या कोंबडीचं अंडं किंवा मांस खायचं नसतं, कारण औषधाचा अंश त्यात उतरतो. पोल्ट्रीतल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. मी पहिल्या डोसच्या वेळी सांगितलंही होतं. पण कोणाच्या डोक्यात गटारी होती, कोणाच्या डोक्यात अंडं.

मी परत पडवीत गेले आणि माझा सगळ्यात सरकारी आवाज काढला.

"ऐका. उद्या सकाळी बिजलीला दुसरा डोस द्यायचा आहे. चुकवायचा नाही. त्यानंतर दोन आठवडे हिचं अंडं खायचं नाही आणि मांस तर अजिबात नाही."

"म्हनजे गटारीला?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"चालणार नाही. पाहुण्यांना त्रास झाला तर जबाबदारी माझी नाही."

मग वत्सलाबाईंचा आवाज आपल्या पट्टीवर परत आला.

"आता डॉक्टरच न्हाय बोल्ली तर मी काय करनार? माझी तर तयारी व्हती. मसाला बी वाटायला काढलेला." आणि पेपरकडे वळून, "आयकलं का? दुकानातनं कोंबरी आना गटारीची. आन् व्याह्यांना फोन करून सांगा, डॉक्टरनी मना केली."

पेपर खाली आला. काकांचा चेहरा पहिल्यांदाच पूर्ण दिसला.

राहिली ताटलीतली तीन अंडी. ती औषधावरच्या कोंबडीची म्हणून खाता येणार नव्हती, आणि मी तिथे उभी असेपर्यंत ती कोणाला वेगळी काढून घेताही येणार नव्हती. मी गंभीरपणे सांगितलं की ती खड्ड्यात फोडून पुरून टाकावीत. वत्सलाबाईंनी स्वतःच्या तांबडीचं ताजं अंडं नारळाच्या बुंध्याशी फोडलं तेव्हा त्यांच्या तोंडाची चव गेली. स्नेहलने आपलं फोडलं. तिसरं घ्यायला वत्सलाबाईंनी हात पुढे केला आणि काका उठून उभे राहिले. स्नेहलने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी तिच्या रंग गेलेल्या नखांकडे. फोडलं असतं तर आतून पांढरा गोळा बाहेर पडला असता.

"हे मी नेते," मी म्हटलं. "तपासणीला."

वत्सलाबाईंनी ते माझ्या हातावर ठेवलं. त्या अगदी किंचित हसल्या, फक्त मला दिसेल इतकंच.

तपासणी क्लिनिकमधल्या मांजरीने केली. रिपोर्ट नॉर्मल.

गटारी दुकानातल्या कोंबडीवर पार पडली. व्याह्यांनी म्हणे बिजलीची चौकशी केली, तर वत्सलाबाईंनी त्यांना जंत, डोस आणि औषधाचा अंश यावर असं व्याख्यान दिलं की त्यांनी रस्सा बेताने घेतला. आणि मग श्रावण लागला. श्रावणात त्या घरात कोणाला कापायचा प्रश्नच नव्हता. मी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवायला सांगितला, कारण आता तुरा लाल व्हायला लागला होता आणि अंड्यावर येणाऱ्या कोंबडीला कवचासाठी तो लागतो. हवा तेवढा ती स्वतःच खाते.

श्रावणाच्या मध्याला एका सकाळी मला तीन फोन आले.

पहिला स्नेहलचा, सासऱ्यांबद्दल. "मॅडम, बाबांनी आज परत अंडं ठेवलंय. आता काही गरज नाहीये, पण मी काही बोलले नाही. त्यांना किती आनंद झालाय. मीपण खूप कौतुक केलं."

दुसरा काकांचा. "डॉक्टर, सूनबाई परत चालू झाल्यात. या वेळी चांगलं निवडलंय, अगदी छोटं. मी म्हटलं, वा. तिला कशाला नाराज करा?"

तिसरा वत्सलाबाईंचा. त्यांनी आधी कोंबड्यांना हाकललं. मग म्हणाल्या, "बारीक हाय. कवचावर रगताचा एवढासा डाग हाय."

"मावशी, शेपटीखालची हाडं बघितलीत का? मी दाखवलेली?"

"दोन बोटं बसली."

"मग तिचंच आहे. पहिलं अंडं लहानच असतं आणि असा डाग कधी कधी येतो. काळजीचं काही नाही."

"मना म्हाईत हाय. इचारायला न्हाय केला फोन."

"मग?"

"कोनाला तरी सांगायचं व्हतं." मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "त्या दोगांना सांगू नका. दोगं एकमेकांकडं बगून हसतायत. सकाळपासून सून यांना चहा देते, हे तिला पेपर वाचून दावतात. एवढं बोलनं ती घरात आल्यापासून झालंच नव्हतं. चालू द्या थोडे दिवस."

मी सांगितलं नाही. ते अंडं श्रावणामुळे घरात कोणी खाल्लं नाही. शेजारी श्रावण न पाळणारं घर होतं, तिकडे गेलं. बिजली पुढे अंडी देत राहिली, पण मनात येईल तेव्हा. अंड्यांच्या दृष्टीने ती बेताचीच कोंबडी निघाली. स्नेहलच्या ऑफिसात तिला फार मोठं समजतात.

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की आपला पेशंट बोलत नाही, म्हणून घरच्यांना नीट विचारायचं. माझा अनुभव वेगळा आहे. आधी पेशंटला नीट तपासायचं. घरचे मग एकेक करून, कोणाला तरी झाडापाशी, कोणाला स्कूटरपाशी नेऊन, आपणहून सगळं सांगतात. त्यासाठी फक्त निघायची घाई करायची नाही.